पोरक्या वासराला दुसरी गाय कशी लावायची

गाय विताना गेली, किंवा व्याल्यावर आठवड्याभरात आजारानं बसली ती उठलीच नाही, की गोठ्यात एक पोरकं वासरू उरतं. २०२२ च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीनंतर अशी वासरं गावोगाव होती. बाटलीवर वासरू जगतं, नाही असं नाही. पण मग दिवसातून तीन-चार वेळा एक माणूस अडकतो, दूध कोमट करा, बाटली उकळा, आणि एवढं करून एखाद्या दिवशी थंड दूध पोटात गेलं की हगवण लागलीच. गोठ्यात दुधावरची शांत गाय असेल तर वासरू तिच्याखाली लावणं केव्हाही बरं. सडातून येणारं दूध ताजं असतं, बरोबर तापमानाचं असतं, आणि मान वर करून लुचल्यामुळे ते थेट चौथ्या पोटात उतरतं.

मात्र कुठल्याही गायीला कुठलंही वासरू लागत नाही. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली गाय, शक्यतो घेऊच नका. तिला स्वतःच्याच वासराचं कौतुक शिकायचं असतं, त्यात परकं वासरू म्हणजे तिचाही गोंधळ आणि आपलाही. तिसऱ्या-चौथ्या वेताची, अंगाला हात लावू देणारी, आपलं वासरू मन लावून चाटणारी गाय हेरा. एखाद्या सडाला छिद्र लहान असल्यामुळे धारेला जड जाणारी, किंवा यंत्रावर नीट न बसणारी गाय या कामाला उत्तम, कारण वासराला त्याचं काही वाटत नाही. दगडी (कासेची सूज) होऊन गेलेली किंवा एखाद्या सडातून गाठी येत असलेली गाय चालणार नाही. गर्भपात झालेली असेल तर आधी ब्रुसेलाची, म्हणजे गर्भपात घडवणाऱ्या संसर्गाची, रक्ततपासणी. अंगावर-कासेवर लम्पीच्या गाठी असतील, प्रतिजैविकाचा कोर्स चालू असेल, किंवा जुनाट पातळ शेण असेल, तर ती गाय वगळा. "नाहीतरी डेअरीला चालत नाही, वासराला पाजू" हा हिशेब वासराच्या जिवावर बेततो.

गाय लावण्याआधी चिकाचं, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधाचं बघा. गायीच्या वारेतून (गर्भाला पोसणाऱ्या नाळेच्या पडद्यातून) रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भात जात नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा या बाबतीत रिकामंच असतं. जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही आतडं उघडं आहे तोवरच. हे दार तासागणिक बंद होत जातं आणि चोवीस तासांत जवळजवळ पूर्ण मिटतं. म्हणून पहिला चीक जन्मल्यापासून दोन तासांत, आणि पहिल्या बारा तासांत मिळून वजनाच्या दहा टक्के तरी. संकरित वासरू जन्मतः २५ ते ३५ किलोचं असतं, म्हणजे अडीच ते साडेतीन लिटर. देशी वासरू १८ ते २५ किलोचं, त्याला दोन-अडीच लिटर. आई गेली असेल तर शेजारपाजारी त्याच दिवशी व्यालेली गाय शोधा, आणि तिच्या घरी खरवसाचं भांडं चुलीवर चढायच्या आत पोचा. पहिल्या धारेचाच चीक मागून घ्या. दुसऱ्या धारेत तो बराच पातळ झालेला असतो. गोठवलेला असेल तर हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा. थेट आचेवर ठेवला तर त्यातली प्रथिनं साकळतात आणि खरवसच हाती येतो. अंडं, एरंडेल आणि दूध यांचं जुनं मिश्रण वासराला ताकद देतं, पोट साफ करतं, पण प्रतिकारशक्ती देत नाही. चिकाच्या जागी ते धरू नका. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवून घ्या.

आता मूळ गोष्ट. गाय लांबून वासरू ओळखते ती आवाजानं आणि रंगावरून, पण शेवटचा शिक्का नाकाचा. विताना गर्भमार्ग ताणला जातो तेव्हा तिच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि त्या वेळी जे ओलं, पाणमोटीच्या (गर्भाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीच्या) वासाचं समोर येतं त्याला ती चाटायला लागते. चाटता चाटता तो वास पक्का होतो. पहिल्या काही तासांत हे होऊन जातं. त्यानंतर आलेल्या दुसऱ्या वासाच्या वासराला ती ढुशी देते किंवा लाथेनं उडवते. तेव्हा पोरकं वासरू लावायचं म्हणजे एकतर त्या पहिल्या तासांत नाकाला फसवायचं, नाहीतर नंतर नाकाला सवय होईपर्यंत धीर धरायचा. तिसरी वाट नाही.

पहिली संधी हुकवू नये. एखादी गाय आज-उद्या विणार असेल आणि पोरकं वासरू हाताशी असेल, तर तयारी आधीच करून ठेवा. पाणमोट फुटताना स्वच्छ घमेलं किंवा बादली खाली धरून पाणी साठवा. एक-दोन लिटर मिळालं तरी खूप. पोरकं वासरू साध्या कोमट पाण्यानं धुऊन घ्या. साबण नको, डेटॉल तर नकोच. शेपटीखालचा भाग, मान आणि डोकं चोळून धुवा, कारण गाय हुंगते ती तिथेच. मग पाणमोटीचं पाणी त्याच्या डोक्यावर, पाठीवर आणि खास करून शेपटीखाली चोळा. वासरू चार-पाच दिवसांचं असेल तर ते लगेच उड्या मारत कासेकडे धावतं, आणि नुकत्याच व्यालेल्या गायीला हे विचित्र वाटतं. म्हणून त्याचे पाय मऊ सुती दोरीनं पंधरा-वीस मिनिटं सैलसर बांधून तिच्या तोंडापुढे आडवं ठेवतात. ते धडपडतं, अर्धवट उठतं, पडतं, अगदी नवजातासारखं. गाय स्वतःचं वासरूही व्याली असेल तर दोन्ही एकदमच पुढे ठेवा. जुळी झाली असं ती धरून चालते. आणि मग माणसांनी तिथून बाजूला व्हावं. दहा जणांचा घोळका, त्यात भुंकणारं कुत्रं, असं असेल तर गाय वासराकडे बघण्याऐवजी माणसांकडे बघत बसते.

वार पडायला काही तास लागतात. आपल्याकडे ती पोत्यात घालून वडाला बांधायची पद्धत आहे. बांधायची तर बांधा, पण त्याआधी तिचा ओला अंश पोरक्याच्या पाठीला पुसून घ्या, तिचा उपयोग इथे जास्त आहे. हातमोजे घालूनच; ब्रुसेला माणसालाही होतो. आणि वार गायीच्या तोंडी लागू देऊ नका, घशात अडकते.

दुसरी परिस्थिती: गाय व्याली, पण वासरू मेलं. देशी गोठ्यात ही अडचण दुहेरी असते. गीर, खिलार, देवणी, लाल कंधारी या गायी खाली वासरू नसेल तर पान्हा चोरतात, दूध कासेत असूनही सोडत नाहीत. म्हणून तर पूर्वी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते धारेच्या वेळी पुढे उभं करायचे. तोच वास जिवंत वासरावर चढवायचा. मेलेलं वासरू संसर्गानं गेलं नसेल तर ते लगेच उचलून नेऊ नका. पर्यायी वासरू येईपर्यंत गायीजवळच राहू द्या, म्हणजे तिचं चाटणं-हंबरणं चालू राहतं. तिची कासही पूर्ण मोकळी करू नका. कास तटतटलेली असली की लुचणारं वासरू तिला सुटका वाटतं.

जगात बऱ्याच ठिकाणी मेलेल्या वासराची कातडी सोलून, मानेपासून शेपटीपर्यंतचा तुकडा पोरक्याच्या अंगावर झुलीसारखा बांधतात, शेपटीसकट, कारण तिथला वास महत्त्वाचा. तीन ते पाच दिवस ठेवतात, मग रोज थोडी कापत काढतात. आपल्या हवेत, विशेषतः चैत्र-वैशाखात, ती दोन दिवसांत कुजते, माश्या बसतात आणि वासराच्या नाळेत अळ्या पडतात. त्यापेक्षा गोणपाटाचा मार्ग बरा. धुतलेलं, खताचा किंवा औषधाचा वास नसलेलं बारदान घ्या. मेलेल्या वासराच्या अंगावर, शेपटीखाली आणि त्याच्या ओलाव्यात ते चांगलं घोळवा, रात्रभर त्याच्याभोवती गुंडाळून ठेवलं तर उत्तम. मग पोरक्याच्या पाठीवर टाकून छातीखालून आणि पोटाखालून सुतळीनं बांधा, मागचा भाग शेपटीवरून खाली येईल असा. गाठ बोट जाईल एवढी सैल हवी. दिवसातून दोनदा काढून अंग बघा. खाली घामोळं, ओल किंवा माशीची अंडी दिसली तर लगेच काढा. वासरू हगवणीनं, तोंडातून-नाकातून रक्त येऊन किंवा अचानक काही कारण न कळता मेलं असेल तर हा प्रयोग करूच नका. फाशी रोगाचा (अँथ्रॅक्स) संशय असलेलं जनावर उघडायचंच नाही, चुना टाकून खोल पुरायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

तिसरी परिस्थिती सगळ्यात जास्त वेळा येते: गाय दोन-तीन आठवड्यांपूर्वी व्यालेली, तिचं स्वतःचं वासरू तिच्याखाली आहे, आणि त्याच्याबरोबर पोरकं लावायचं आहे. इथे नाक फसत नाही. इथे दोर, भूक आणि वेळ यांवरच काम चालतं.

वासरू भुकेलं हवं. सहा ते आठ तास काही न पाजलेलं. बाटलीची सवय लागलेली वासरं कासेऐवजी माणसाच्या पँटला लुचतात; ज्या दिवशी गाय लावायची त्या दिवसापासून बाटली त्याच्या नजरेसही पडू देऊ नका. अशक्त, मान टाकलेलं वासरू मात्र उपाशी ठेवायचं नाही. त्याला आधी पाजून उभं करा, मग गायीचं बघा. जे स्वतःहून ढुशा देत सड शोधू शकत नाही ते कुठलीच गाय लावून घेत नाही.

गाय खोड्यात घ्या, नसेल तर भिंतीलगत आखूड दाव्यानं खुंट्याला बांधा, म्हणजे ती एका बाजूला सरकू शकणार नाही. गव्हाणीत भिजवलेली सरकी पेंड, भरडा, वर थोडा गूळ, असं तिचं आवडतं ठेवा. लाथ मारणारी असेल तर मागच्या पायांना गुडघ्यांच्या वर आठाच्या आकारात सुती दोरी घाला. गाठ सुरगाठच हवी. गाय घसरून पडली तर एका ओढीत सुटली पाहिजे. निरगाठ आणि नायलॉन या दोन गोष्टींनी पाय जायबंदी होतात.

आधी तिचं स्वतःचं वासरू एका बाजूला लावा. ते लुचायला लागलं की मिनिटाभरात पान्हा येतो. सड फुगतात, कडेनं थेंब दिसतात. तेव्हाच पोरकं लावायचं, आणि तेही मागून, दोन्ही पायांच्या मधून. आपलं वासरू नेहमी कुशीला उलटं उभं राहून पितं, शेपटी आईच्या तोंडाकडे. ती मान वळवून त्याचं ढुंगण हुंगते आणि खात्री करून घेते. मागून पिणाऱ्याचं ढुंगण तिच्या नाकाला सापडत नाही. तिच्या नाकाला आपलंच वासरू लागतं आणि कासेला दोन तोंडं. पान्ह्याचा जोर पाच-सात मिनिटं टिकतो, तेवढ्यात पोरक्याचं पोट भरलं पाहिजे. म्हणून पहिल्या दिवसांत स्वतःच्या वासराला पान्हा आणण्यापुरतं पिऊ देऊन थोडं मागे ओढा, नाहीतर तेच सगळं ओरपतं.

पहिले तीन दिवस दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं. मग सकाळ-संध्याकाळ पुरे. मधल्या वेळात पोरक्याला दुसऱ्या टोकाला बांधू नका. गायीशेजारीच, मध्ये बांबूचं किंवा पाइपचं आडवं घालून, तिला दिसेल-हुंगता येईल पण शिंग पोचणार नाही असं ठेवा. तिच्या वासरालाही त्याच्याबरोबर एकाच जागी बांधा. दोघं एकमेकांना घासतात, चाटतात, अंगाचा वास एक होत जातो. तिचंच दूध पोटात जायला लागलं की दोन-तीन दिवसांत शेणाचा वासही बदलतो, आणि गाय शेपटीखालीच हुंगत असल्यामुळे याचा फायदा होतो असा गोठेवाल्यांचा अनुभव आहे. गाय चरायला मोकळी सोडत असाल तर दोन्ही वासरांना गळपट्टा घालून हात-दीड हाताच्या साखळीनं एकमेकांना जोडतात; आपलं वासरू आलं की दुसरंही आपोआप येतं. साखळीला फिरती कडी हवी, नाहीतर पीळ बसून गळा आवळतो. आणि हे नजरेसमोरच, रात्री नाही.

वास लपवायला लोक काय काय लावतात. वासराच्या पाठीवर गुळाचं पाणी किंवा मीठ चोळलं तर गाय चाटते, आणि चाटणं हीच अर्धी लढाई आहे, म्हणून ते चालेल. मीठ थोडंच, आणि वासराला जखम नसेल तरच. गायीचं स्वतःचं दूध त्याच्या डोक्या-पाठीवर चोळणं, तिच्या मूत्रानं शेपटीखाली पुसणं, हेही चालतं. गायीच्या नाकपुड्यांना थोडा बाम लावला तर पहिली एक-दोन पाजणी निभावते, मात्र पुढे तिला वास कळलाच पाहिजे, नाहीतर ओळख कशाची होणार? रॉकेल, डिझेल, फिनेल, नीलगिरीचं तेल मात्र नको. वासराची कातडी भाजते आणि गाय त्या वासानंच लांब पळते.

गाय लाथ मारते म्हणून काठी घेऊन उभं राहणं सगळ्यात महाग पडतं. घाबरली किंवा चिडली की तिच्या रक्तात अॅड्रेनलिन येतं आणि पान्हा तिथेच अडतो. वासरू कोरड्या सडाला ढुशा देतं, सड दुखतो, ती आणखी लाथ मारते. ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनबद्दलही विचारतात. ते दूध सोडायला लावतं, माया लावत नाही. परिणाम काही मिनिटांत ओसरतो आणि सवय लागली की गाय त्याशिवाय दूध देत नाही. ते डॉक्टरांच्या हातात राहू द्या.

लागली हे कसं ओळखायचं? वासरू पुढे आणताच ती तोंड मिटल्यासारखा खोल, हलका हुंकार काढते. लुचताना मागचा पाय थोडा मागे घेऊन कास मोकळी करून देते. मान वळवून शेपटीखाली चाटते. आणि नेताना हंबरते. ही शेवटची खूण सगळ्यात खात्रीची. नुसतं उभं राहून पिऊ देणं म्हणजे स्वीकारणं नव्हे, तो पेंडीचा महिमा असू शकतो. तेव्हा दोर काढायचे ते एकेक करून: आधी पायांचा, दोन दिवसांनी दावं लांब, आणि मोकळं सोडायचं ते दिवसा, समोर उभं राहून. काही गायी तीन दिवसांत लावून घेतात, बहुतेक आठवडा घेतात. पंधरा दिवस झाले तरी शिंग रोखत असेल तर ती माया लावणार नाही. बांधून पाजायचं, किंवा दुसरी गाय बघायची, किंवा बाटली. हट्टानं एकत्र कोंडलं तर वासराच्या बरगड्या मोडतात.

दुधाचा मेळ जमवायला लागतो. वासराला रोज वजनाच्या दहा टक्के दूध हा किमान हिशेब, तीस किलोला तीन लिटर. खिलार गायीचं दूध मुळात बेताचं; तिच्याखाली होल्स्टीन संकराचं दुसरं वासरू लावलं तर दोन्ही रोडावतात. वासरू पिऊन झाल्यावरही ढुशा देत राहतं, कुशी आत गेलेली दिसते, ही कमी पडत असल्याची खूण. उलट पंधरा लिटरच्या संकरित गायीखाली एकटं देशी वासरू सोडलं तर ते वाहवतं आणि पांढरी हगवण लागते. तिथे आधी निम्मी धार काढून घ्या. वासरू आवडीचे एक-दोन सडच पितं, बाकीच्यात दूध साचून दगडी होते; पाजून झाल्यावर चारही सड हातानं बघा, भरलेला असेल तो पिळून काढा. सडाला चिरा पडल्या असतील तर पाजल्यानंतर खोबरेल किंवा लोणी लावा. वजनाला काटा नसला तरी फीत पुरते. छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी भागिले ६६० म्हणजे किलोत अंदाजे वजन. आठवड्यानं आकडा वाढला नाही तर काहीतरी चुकतंय.

गायीला पोषणासाठी दीड-दोन किलो खुराक, आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो वेगळा. वासरांनी प्यालेलं दूध मोजलं जात नाही म्हणून खुराक कापणारे भेटतात. दीड महिन्यात गायीच्या बरगड्या दिसायला लागतात. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, पाणी दिवसभर समोर. दोन वासरं लुचत असताना गाय माजावर उशिरा येते, हे धरून चाला. दिवसभर खाली ठेवण्यापेक्षा दोन वेळा पाजून वेगळं बांधलं तर ती लवकर येते.

मोठ्या गोलकृमींच्या अळ्या दुधातून वासरात उतरतात, म्हणून दहा ते पंधरा दिवसांच्या सुमाराला डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे पहिलं जंतनाशक, पोरक्याला आणि गायीच्या वासराला एकाच दिवशी. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर (वासरांचा तयार खुराक) आणि कोवळं, सुकवलेलं गवत पुढे ठेवा; ताजं पाणी पहिल्या आठवड्यापासूनच. तीन महिन्यांच्या आसपास वासरू रोज किलोभर खुराक सलग तीन दिवस खायला लागलं की आधी संध्याकाळचं, मग सकाळचं पाजणं बंद करा. दोन्ही वासरांचं एकदमच तोडा. एकाचं तोडलं आणि दुसरं पीत राहिलं तर तोडलेलं दावं तोडून येतं.